टायमिंग चेनची खडखड: १९८६ ची मर्सिडीज ३०७ डी कॅम्पर, ओएम ६१६ इंजिन

निफाडकर_श्टुटगार्ट

नमस्कार मंडळी,

जर्मनीत जुनी कॅम्पर घेतली आहे. मर्सिडीज ३०७ डी, १९८६ ची, २.४ लिटर ओएम ६१६ डिझेल, ७२ हॉर्सपॉवर. मीटरवर २,६८,००० कि.मी. वर्षाला चार-पाच हजारच चालते, नोव्हेंबर ते मार्च उभी असते. जुन्या मालकाच्या फाइलमध्ये ऑइल बदलल्याच्या पावत्या आहेत, पण टायमिंग चेनला (क्रँकवरून कॅम आणि डिझेल पंप फिरवणारी साखळी) कधी हात लागल्याची नोंद नाही.

लक्षणं अशी. थंड इंजिन चालू केलं की दोन-तीन सेकंद पुढच्या बाजूनं खडखड येते आणि थांबते. गरम झाल्यावर आयडलला टक-टक असा आवाज राहतो, पण तो नक्की कुठून येतो ते कळत नाही. चढावर गाडी जरा सुस्त वाटते आणि सकाळी पांढरट धूर येतो. ऑइल १५डब्ल्यू-४०, लेव्हल बरोबर.

गॅरेजवाला म्हणतो, या इंजिनची चेन आयुष्यभर जाते, हात लावू नका. दुसरा म्हणतो, अडीच लाख झाले की डोळे मिटून बदला. प्रश्न तीन:

१. चेन किती लांबली आहे ते इंजिन न उघडता मोजता येतं का?
२. बदलायची झाल्यास पुढचं टायमिंग कव्हर काढावं लागतं का?
३. चेनसोबत आणखी काय बदलायचं?

स्वतः काम करायची तयारी आहे. हत्यारं बऱ्यापैकी आहेत, टॉर्क रेंच आणि डायल गेजसुद्धा.


पाना_नंबर_चौदा

दोघांचंही ऐकू नका. या इंजिनची चेन किलोमीटरवर बदलत नाहीत, अंशांवर बदलतात. दीड लाखात संपलेल्या चेन असतात आणि चार लाखांवर तीन अंशांत असलेल्याही असतात. फरक पडतो तो ऑइलनं. डिझेलची काजळी ऑइलमध्ये उतरते आणि चेनच्या पिन-बुशमध्ये घासपावडरीसारखं काम करते. चेन "खेचली जाते" असं आपण म्हणतो, पण पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश थोडी थोडी झिजते आणि ती सगळी झीज बेरजेनं लांबीत दिसते.

मोजायला फक्त टॅपेट कव्हर काढावं लागतं. अर्ध्या तासाचं काम आहे.

इंजिन थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. चारही हीटर प्लग काढून ठेवा. कॉम्प्रेशन २१ ला १ आहे, प्लग आत असताना क्रँक हातानं सावकाश फिरवताच येत नाही, झटके बसतात आणि रीडिंग चुकतं. क्रँकच्या पुढच्या बोल्टला २७ चं सॉकेट लावा. पुढं जागा अडचणीची आहे, फॅन काढलात तर हात नीट जातो.

आता पुढून बघताना घड्याळाच्या दिशेनंच फिरवायचं. एक नंबर सिलिंडरच्या दोन्ही कॅम वर आल्या की तो कॉम्प्रेशनचा टीडीसी, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असण्याची जागा. कॅमच्या स्प्रॉकेटमागं एक वॉशर आहे, त्यावर बारीक खाच आहे. पहिल्या बेअरिंग टॉवरवर उंचवट्याची रेघ आहे. खाच आणि रेघ समोरासमोर आली की थांबायचं आणि खाली डॅम्पर पुलीवर टाइमिंग कव्हरच्या पॉइंटरसमोर किती अंश आहेत ते वाचायचं. चेन नवी असेल तर पुली ओटी (टीडीसीचं जर्मन नाव) म्हणजे शून्याजवळ असते. लांबलेली असेल तर कॅम मागं पडते, म्हणून कॅमची खाच जुळेपर्यंत क्रँक ओटीच्या पुढं गेलेली असते. ते जे पुढचे अंश, तीच तुमची चेनची झीज.

इथं लोक हमखास दोन चुका करतात. पहिली, खाच ओलांडून गेली म्हणून क्रँक मागं फिरवणं. मागं फिरवायचं नाही. डिझेल पंपाकडची ताणाची बाजू सैल होते, रीडिंग खोटं येतं, आणि टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) दमलेला असेल तर खाली दात सरकायचीही भीती. ओलांडलं तर परत पूर्ण दोन फेऱ्या मारून या. दुसरी चूक डोळ्याची. खाच तिरक्या नजरेनं पाहिली तर दोन-तीन अंश सहज इकडचे तिकडे होतात. मोबाइल खाचेच्या उंचीला सरळ धरून फोटो काढा आणि तो मोठा करून पाहा. तीनदा मोजा, तिन्ही वेळा एका अंशाच्या आत यायला हवं.

रीडिंगचा अर्थ:

४ अंशांपर्यंत काहीही करू नका, ऑइल वेळेवर बदला.
४ ते १० मध्ये विचार करायचा. इथं ऑफसेट चावीचा पर्याय आहे, खाली सांगतो.
१० च्या वर चेन बदलायचीच.
१८ च्या आसपास आलं तर ती झीज नाही. कुणीतरी आधी काम करताना एक दात चुकवला आहे.

डायल गेज आहे म्हणता, तर पक्की पद्धतही करा. एक नंबरच्या इनटेक व्हॉल्व्हचा क्लिअरन्स (कॅम आणि रॉकरमधली फट) शून्य करा, गेजचा पाय स्प्रिंगच्या रिटेनरवर टेकवा आणि व्हॉल्व्ह बरोबर २ मि.मी. खाली गेला की पुली वाचा. कोणत्या अंशाला ते व्हायला हवं हे कॅमशाफ्टवरच्या कोड नंबरावर ठरतं. ०५ कोडच्या कॅमला नव्या चेनवर टीडीसीनंतर ११.५ अंश आणि २०,००० कि.मी. चाललेल्या चेनवर १३.५. म्हणजे पहिल्या वीस हजारांत नवी चेन दोन अंश "बसते" हे कंपनीनंच धरलं आहे. मोजून झालं की त्या व्हॉल्व्हचा क्लिअरन्स परत लावायला विसरू नका.

ऑफसेट चावी म्हणजे कॅमशाफ्टवर स्प्रॉकेट अडकवणारी जी अर्धचंद्राकार चावी असते, तिच्याच मापाची पण पायरी असलेली चावी. ०.७ मि.मी.ची ४ अंश, ०.९ ची ६.५ अंश, १.१ ची ८ आणि १.३ ची १० अंश भरून काढते. कॅम पुढं सरकेल अशा बाजूनं बसवायची. उलटी बसली तर कळायला सोपं आहे, रीडिंग कमी व्हायच्या जागी तेवढंच वाढतं.

आधी मोजा आणि आकडा इथं टाका.


तळेगावचा_डिझेलवाला

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. आवाजाबद्दल थोडं लिहितो, कारण या इंजिनवर नोझलचा, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या भागाचा, ठोका चेनचा समजून चेन बदलणारे बरेच असतात.

थंड स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड हा टेन्शनरचा आवाज. टेन्शनर स्प्रिंग आणि ऑइल प्रेशर या दोन्हीवर चालतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की त्यातलं ऑइल उतरतं. प्रेशर येईपर्यंत एकट्या स्प्रिंगला चेन धरवत नाही. दोन-तीन सेकंद चालतील. दहा सेकंद लागत असतील, किंवा रात्रभरच उभी राहूनही रोज होत असेल, तर टेन्शनर गेला.

गरम आयडलची टक-टक वेगळी. इंजिन चालू ठेवून नोझलवरचे डिझेल पाइपचे नट १७ च्या पान्यानं एकेक करून पाव फेरी सैल करा आणि परत घट्ट करा. एखाद्या सिलिंडरला सैल केल्यावर टक-टक गायब झाली, तर तो नोझलचा ठोका. चारही सैल करून पाहिल्यावर आवाजात काहीच फरक नाही, तर मग चेन, गाइड (चेनला वाट दाखवणारी प्लॅस्टिक लावलेली पट्टी) किंवा टॅपेट. डोळ्यांवर चष्मा आणि हातात फडकं ठेवा. डिझेल फवाऱ्यासारखं उडतं, आणि सुटलेल्या पाइपच्या तोंडासमोर बोट तर अजिबात नको, ते प्रेशर कातडीतून आत जातं.

टॅपेट कव्हर काढलंच आहे तर क्लिअरन्स बघून घ्या. थंड इंजिनवर इनटेक ०.१० मि.मी., एक्झॉस्ट ०.३०. दोन नट असतात, १४ चे दोन पातळ पाने लागतात. ज्या व्हॉल्व्हची कॅम सरळ वर आहे तोच मोजायचा. फिलर गेज किंचित अडून सरकली पाहिजे. एक्झॉस्टचा क्लिअरन्स संपत आला असेल तर सकाळचा पांढरा धूर आणि सुस्ती तिथूनही येते.

आणि टॉर्च लावून चेनच्या खोबणीत खाली बघा. गाइडच्या प्लॅस्टिकवर चेनच्या दोन ओळींच्या दोन चऱ्या दिसतील. चऱ्या हलक्या असतील तर ठीक. तळाशी ॲल्युमिनियम चमकत असेल किंवा प्लॅस्टिकचा कोपरा तुटलेला असेल, तर चेनचं रीडिंग काहीही येवो, काम काढायचं. कमी चालणाऱ्या कॅम्परमध्ये चेनच्या आधी गाइड जातात. लोखंडाला किलोमीटर झिजवतात, पण प्लॅस्टिकला वर्षं कडक करतात. तुमची गाडी चाळीस वर्षांची आहे.


निफाडकर_श्टुटगार्ट

दोघांचेही मनापासून आभार. मोजलं.

खाच-रेघ पद्धतीनं तीन रीडिंग: ७, ७.५, ७. डायल गेजनं २ मि.मी. लिफ्ट १९ अंशांवर, कॅमचा कोड ०५.

नोझलचे नट सैल करून पाहिले. तिसऱ्या सिलिंडरला टक-टक बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही. एक्झॉस्टचे दोन व्हॉल्व्ह ०.१५ वर होते, चारही ०.३० ला लावले. वरच्या गाइडवर चऱ्या आहेत, ॲल्युमिनियम दिसत नाही, पण एका कडेचा नखाएवढा तुकडा उडालेला आहे. खाली कुठं पडला असेल?

आता सात अंशांवर चावी टाकून भागवू का?


पाना_नंबर_चौदा

१९ वजा ११.५ म्हणजे साडेसात. दोन्ही पद्धती जुळल्या, आकडा खरा आहे.

तुमच्या गाडीला चावी नको. चावीनं फक्त कॅम जागेवर येते. चेन तेवढीच झिजलेली राहते, टेन्शनर तेवढाच बाहेर आलेला राहतो आणि फुटलेला गाइड तिथंच राहतो. साडेचार-पाच अंशांवर, गाइड चांगले असताना, ४ अंशांची चावी टाकून पुढची लाखभर किलोमीटर काढणं शहाणपणाचं आहे. सातवर आणि फुटक्या गाइडवर नाही. याच्या पुढचं टोक कुठं जातं ते माहीत असावं म्हणून सांगतो: या इंजिनमध्ये टीडीसीला पिस्टन आणि हेड यांच्यात जागा इतकी थोडी आहे की चेन तुटली किंवा दोन दात सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागतातच. मग हेड काढणं आलं.

उडालेला तुकडा खाली ऑइल पॅनमध्ये गेला असणार. प्लॅस्टिकचा नखाएवढा तुकडा ऑइल पंपाच्या जाळीतून जात नाही. ऑइल काढाल तेव्हा ड्रेनच्या तोंडाशी गाळणी धरा. बरेच तुकडे निघाले तर पॅन उतरवा, एकदोनसाठी नको.

तुमचा दुसरा प्रश्न: कव्हर काढावं लागत नाही. चेन वरून ओवून घेतात.

लागणारं सामान: रिव्हेटच्या लिंकसह डुप्लेक्स, म्हणजे दुहेरी चेन. टेन्शनर आणि त्याचं गॅसकेट. हेडमधला वरचा गाइड. टॅपेट कव्हरचं गॅसकेट. थर्मोस्टॅट हाउसिंगचं गॅसकेट. ऑइल फिल्टर आणि साडेसहा लिटर ऑइल. चेन पार्टसच्या दुकानात "श्टॉयरकेटे" म्हणून मागायची, टेन्शनरला "केटनश्पानर". इंजिन नंबर आणि चासी नंबर दोन्ही द्या, मधल्या काळात टेन्शनर बदललेला आहे. चेन चांगल्या नावाची घ्या. मूळ गाड्यांना म्युनिकच्या इविसच्या चेन येत, आजही मिळतात. स्वस्तातली बिननावाची चेन या कामात मुळीच नको, पाच वर्षांनी परत हेच करावं लागेल.

हत्यारांत चेनचं रिव्हेट टूल भाड्यानं किंवा उसनं मिळवा. हातोडीनं रिव्हेट करू नका. दुहेरी चेनच्या पिनचं टोक सारखं फुललं नाही तर एक पट्टी सैल राहते.

आता क्रम. दोन माणसं लागतात, एक क्रँकवर आणि एक चेनवर. दोघांत बोलणं ठरवून घ्या: चेनवाला "चल" म्हणाल्याशिवाय क्रँकवाल्यानं हात हलवायचा नाही.

एक नंबर टीडीसीवर आणा. हीटर प्लग बाहेर. रॉकरचे दोन्ही शाफ्ट टॉवरसकट उतरवा. ही पायरी लोक टाळतात आणि तिथंच फसतात. रॉकर आत असले की व्हॉल्व्ह स्प्रिंग कॅमला मधेच ढकलतात, कॅम एकदम पुढं उडी मारते आणि चेन सैल पडते. रॉकर काढले की कॅम मोकळी आणि व्हॉल्व्ह सगळे बंद, म्हणजे चुकून दात सरकला तरी काही वाकत नाही.

टेन्शनर काढा. तो पंपाच्या विरुद्ध बाजूला, थर्मोस्टॅट हाउसिंगच्या मागं आहे. थोडं कूलंट काढून हाउसिंग बाजूला करावं लागतं.

स्प्रॉकेटच्या आजूबाजूची सगळी खोबण फडक्यांनी गच्च भरा. आता स्प्रॉकेटच्या माथ्यावर आलेल्या एका लिंकच्या दोन पिनांची डोकी छोट्या ग्राइंडरनं सपाट करा. लोखंडाचा कीस उडतो, म्हणून फडकी. नंतर ती फडकी घडी न मोडता अलगद उचला. कीस आत पडला तर नव्या चेनमध्येच जाऊन बसेल. पिना दाबून काढायच्या आधी चेन दोन्ही बाजूंनी स्प्रॉकेटला केबल टायनं बांधा. पिन निघाली आणि चेनचं एक टोक खाली गेलं तर मात्र कव्हर काढावंच लागेल.

नवी चेन जुन्या चेनच्या त्या टोकाला जोडा जे पंपाच्या बाजूनं खाली जातं. जोडायला तात्पुरती क्लिपवाली लिंक चालते. क्रँक घड्याळाच्या दिशेनं अगदी सावकाश. नवी चेन पंपाच्या बाजूनं आत उतरते, जुनी टेन्शनरच्या बाजूनं वर येते. जुनीवर हाताचा ताण कायम, सेकंदभरही सोडायचा नाही. नवी चेन स्प्रॉकेटच्या दातांत बसलेली राहील असा टाय दर थोड्या दातांनी पुढं घ्यायचा. पंपाचा स्वतःचा झटका अधूनमधून जाणवेल, घाबरू नका. ताण असला की चेन दात सोडत नाही.

नव्या चेनचं टोक वर आलं की दोन्ही टोकं स्प्रॉकेटच्या माथ्यावर आणा, क्लिपवाली लिंक काढून रिव्हेटची लिंक घाला आणि टूलनं पिना फुलवा. प्रत्येक पिनचं टोक भिंगानं बघा. चीर दिसली तर ती लिंक फेकून दुसरी घ्या. जोडलेली लिंक शेजारच्या लिंकसारखी सहज वाकली पाहिजे. अडकत असेल तर पट्टी जास्त दाबली गेली आहे.

गाइड बदलायचा असेल तर तो दोन पिनांवर आहे, पिनांना आत एम ६ ची आटी. एम ६ चा बोल्ट, त्यावर मोठं सॉकेट आणि वॉशर ठेवून नट आवळला की पिन बाहेर येते. परत बसवताना पिनच्या डोक्याला सीलंट, नाहीतर तिथून ऑइल पाझरतं.

नवा टेन्शनर कोरडा बसवायचा नाही. पातळ इंजिन ऑइलच्या डब्यात तोंड खाली करून कॉलरच्या वरपर्यंत बुडवा आणि ड्रिल प्रेसखाली सावकाश सात ते दहा वेळा पूर्ण दाबा. आतली हवा निघाली की दाबायला खूप जोर लागतो आणि तो एकसारखा लागतो. मधेच "फसक" करून बसत असेल तर अजून हवा आहे.

मग हातानं क्रँकच्या दोन पूर्ण फेऱ्या, रॉकर बसवायच्या आधी. खुणा बघा. रॉकर बसवा, टॉवरचे बोल्ट ३८ न्यूटन-मीटर. परत दोन फेऱ्या. कॅम स्प्रॉकेटचा बोल्ट सोडला असेल तर ८० न्यूटन-मीटर. क्लिअरन्स परत. रीडिंग परत घ्या, शून्य ते दोन अंशांत यायला हवं.

पहिल्यांदा चालू करताना पंपावरचा स्टॉप लिव्हर दाबून धरा आणि स्टार्टर दहा-दहा सेकंद फिरवा, ऑइल प्रेशर येऊ द्या. मगच इंजिन चालू करा.


तळेगावचा_डिझेलवाला

वरच्या यादीत एक भर, आणि ती महत्त्वाची: चेन बदलल्यावर डिझेल पंपाचं टायमिंग तपासायचंच.

पंपही याच चेनवर आहे. क्रँक ते पंप हा चेनचा तुकडा आखूड, क्रँक ते कॅम लांब. म्हणून झिजलेल्या चेननं कॅम सात अंश मागं गेली तरी पंप तेवढा मागं जात नाही, थोडाच जातो. आणि मधल्या काळात कुणी पंप फिरवून जुन्या चेनला जुळवून घेतला असेल, तर नव्या चेनवर तो आता पुढं जाईल. मग डिझेल ठोका वाढतो आणि लोक म्हणतात नवी चेन आवाज करते.

ओएम ६१६ ला डिलिव्हरीची सुरुवात टीडीसीच्या २४ अंश आधी. थेंब पद्धत पुरते: एक नंबरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून होल्डर परत लावा, त्यावर वाकडी नळी बसवा, हातपंपानं डिझेलचं प्रेशर ठेवा, लिव्हर फुल थ्रॉटलला. क्रँक कॉम्प्रेशनकडं सावकाश आणत जा. धार तुटून सेकंदाला साधारण एक थेंब पडू लागला की थांबा आणि पुली वाचा. २४ नसेल तर पंपाच्या फ्लँजचे नट आणि पाइप सैल करून पंप थोडा फिरवायचा आणि परत बघायचं. डिलिव्हरी व्हॉल्व्हची कॉपरची वॉशर नवी, आणि या कामात धूळ अजिबात नको.

तिसऱ्या सिलिंडरच्या नोझलवर टक-टक कमी झाली म्हणता, म्हणजे तो नोझल टपकतो आहे. चारही नोझल टेस्ट बेंचवर नेऊन पॉप प्रेशर (नोझल उघडतो ते प्रेशर) आणि फवारा बघून घ्या. खालच्या उष्णतारोधक वॉशर दर वेळी नव्या.

दुसरं, व्हॅक्यूम पंप. टायमिंग केसच्या पुढच्या बाजूला लागलेला असेल तर तो काढून आतला रोलर आणि त्याचं बेअरिंग बघा. रोलर बोटानं फिरवल्यावर खरखर लागली किंवा खेळ जाणवला तर पंप बदला. त्याच्या बेअरिंगच्या गोळ्या सुटल्या तर थेट टायमिंग केसमध्ये पडतात, आणि चेन नवी असो की जुनी, काम तमाम. एवढी मेहनत करून चेन घालायची आणि चार बोल्टमागचा हा पंप न बघता सोडायचा, हे पटत नाही.


आकुर्डी_स्पेअर्स

चर्चा वाचून राहवलं नाही. हे इंजिन आपल्या घरचं आहे. बजाज टेम्पोनं ओएम ६१६ चा परवाना १९८२ साली घेतला आणि पुढं टेम्पो ट्रॅक्स याच इंजिनवर धावली. टेम्पो ट्रॅव्हलर तर तुमच्या ३०७ डी च्याच बॉडीवर बेतलेली. त्यामुळं पुण्याकडच्या डिझेल मेकॅनिकला तुम्ही फोनवर लक्षणं सांगितलीत तरी त्याला अंदाज येतो.

पण म्हणूनच एक इशारा. भारतातून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत ट्रॅक्सची चेन आणि टेन्शनर मागवायचा मोह होईल. पार्ट नंबर तुमच्या इंजिन नंबराशी अक्षर न अक्षर जुळल्याशिवाय घेऊ नका. इथं हे इंजिन पुढं २.६ लिटर झालं, टर्बो आलं, मग कॉमन रेल आलं. बाहेरून सारखं दिसतं, आत बरंच बदललं आहे. टॅपेट कव्हरचं गॅसकेट, हीटर प्लग एवढ्यापुरतं ठीक, चेन आणि टेन्शनर तिकडचेच घ्या. आणि उलटही: वरचे अंश, चावीची मापं, २४ अंशांचं टायमिंग हे आजच्या कॉमन रेल ट्रॅव्हलरला लावू नका. त्याचप्रमाणे १९८९ नंतरच्या २०८ डी, ३०८ डी मध्ये ओएम ६०१ आहे, वेगळं इंजिन. ज्यांच्याकडं ती कॅम्पर आहे त्यांनी इथले आकडे उचलू नयेत.

जुन्या ट्रॅक्सवर चेनचं आयुष्य ऑइल आणि फिल्टरवरच ठरायचं, इथंही तेच. तुमच्या इंजिनवर डब्यातला कागदी फिल्टर वरून बदलता येतो. झाकणाचं रिंग-सील दर वेळी बदला आणि झाकणाच्या मधल्या दांड्यावरचं छोटं सील तपासा. ते चेपलेलं असलं की ऑइल फिल्टरमधून न जाता बाजूनं पॅनमध्ये परततं, स्टार्टला प्रेशर यायला वेळ लागतो आणि टेन्शनरला ऑइल उशिरा मिळतं. तुमच्या स्टार्टच्या खडखडीचा निम्मा वाटा इथं असू शकतो. दोन-तीन रुपयांच्या मालाची रबराची कडी, पण फार बघितली जात नाही.


निफाडकर_श्टुटगार्ट

फिल्टरचं झाकण आत्ताच उघडलं. दांड्यावरचं सील निम्मं झिजून सपाट झालेलं आहे, बोटानं फिरवलं तर तुकडे निघाले. चेन, टेन्शनर, गाइड, सील सगळं मागवतो.

शेवटचा प्रश्न: नोव्हेंबर ते मार्च गाडी उभी असते, तेव्हा काय करायचं? दर पंधरवड्यानं पाच मिनिटं चालू करून बंद करतो, ते बरोबर आहे का?


पाना_नंबर_चौदा

ते बंद करा. पाच मिनिटांत ऑइल गरम होत नाही. ज्वलनातलं पाणी आणि काजळी ऑइलमध्ये उतरते आणि तिथंच राहते, शिवाय दर वेळी ती कोरडी खडखड चेनला खावी लागते. महिनाभर आम्लट ऑइलमध्ये बसलेली चेन पिनांवर गंजाचे ठिपके घेते, आणि झीज तिथूनच सुरू होते.

ऑइल आणि फिल्टर ऑक्टोबरच्या शेवटी बदला, मार्चमध्ये नाही, म्हणजे पाच महिने चेन स्वच्छ ऑइलमध्ये राहील. बदलल्यावर वीस-पंचवीस कि.मी. चालवून मगच लावा. मधे चालू करायचीच असेल तर तासभर रस्त्यावर न्या, नाहीतर अजिबात नको. मार्चमध्ये पहिल्यांदा चालू करताना स्टॉप लिव्हर दाबून प्रेशर येईपर्यंत स्टार्टर फिरवा, वर सांगितलं तसंच.

नवी चेन घातल्यावर पहिलं ऑइल हजार-दीड हजार किलोमीटरलाच काढा, ग्राइंडरचा राहिलेला कीस त्यात येतो. त्या ऑइलमध्ये चुंबक फिरवून बघा आणि काय निघालं ते इथं लिहा.